उभ्यानं खाल्लेले घास

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी थोरलीला आपल्या घरी न्यायला आली होती.

"ताई, भावोजींना जाऊन वर्ष झालं. एकटी किती दिवस काढशील? बॅग भर आणि चल."

"अगं, आता नको. आता जमलंय मला."

"काय जमलंय?"

"जेवायला बसणं. हे गेल्यापासून मी ओट्यापाशी उभ्यानंच पातेल्यातलं खायचे. एका जिवासाठी कशाला ताट, असं वाटायचं. मग एक दिवस माझीच मला कीव आली. खिडकीशी खुर्ची ओढली, ताट वाढून घेतलं आणि सावकाश जेवले."

"त्यानं काय झालं?"

"समोरच्या खिडकीत एक बाई एकटीच जेवताना दिसली. तिनं हात केला, मीही केला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, लांबून कशाला, इकडेच या. आता रोज दुपारी एकत्र जेवतो. भांडतोसुद्धा, मिठावरून."

"तुझं बरंय बाई. माझं घर माणसांनी भरलेलं, पण सगळ्यांना वाढता वाढता मी उभ्यानंच दोन घास पोटात ढकलते."

"मग आज माझ्याकडे चल. तिघी बसू."

धाकटीनं घरी फोन लावला.

"अहो, आज तुमचं तुम्ही वाढून घ्या. मी ताईकडे जेवणार आहे. छे, तिला काय होतंय? ती मजेत आहे. मी बसून जेवणार आहे, एवढंच."