वाजवून घेतलेला फोन

…नाई, मले एक सांगा, मी त्याले काय मांगतलं होतं? विमान मांगतलं? ट्रॅक्टर मांगतलं? साधा फोन मांगतला, भाऊ, साधा फोन! हिरवं बटन दाबलं का बोलाचं, लाल दाबलं का चूप बसाचं, बस! अन् तो अंकुश, नागभीडच्या बसस्टँडपुढं दुकान आहे नं त्याचं, तो मले म्हणते, "काका, याच्यात कॅमेरा पाहा, चेहरा गोरा येते." म्हणलं, अबे, ज्या बाईसाठी घेऊन राह्यलो तिनं जिंदगीत आरशाकडं नीट पाह्यलं नाई, आता या वयात तिले गोरं करून कुठी पाठवू? तं म्हणते, "मंग हा घ्या, बोटाच्या ठशावर खुलते." ठसा! मोठमायच्या बोटाले ठसा राह्यला कुठी, बाप्पा? धानाचे रोवणे करू करू, मोह वेचू वेचू, चुलीतले निखारे हातानं सरकवू सरकवू बोटं गुळगुळीत झाले तिचे… अन् हा म्हणते ठसा!

मोठमाय म्हणजे माह्यी मोठी माय, भागीरथाबाई. माह्या बापाच्या मोठ्या भावाची बायको. माह्यी माय गेली तेव्हा मी रांगत होतो. या बाईनं मले अन् आपल्या पोराले, प्रफुल्लले, एका ताटात जेवू घातलं, अन् भाकरीचा मोठा तुकडा माह्याकडं सरकवला, हे मी विसरत नाई. म्हणून तं चकरा मारल्या, नाई तं मले काय पडली होती?

आता तुमी म्हणान, इतके वर्ष फोन नव्हता, आताच काऊन सुचलं? तं आयका. उन्हाळा लागला का आमच्याकडं मोह पडते, मोहाचे फुलं. पहाटे पडते, टपटप, टपटप, अन् उजाडता उजाडता वेचा लागते, नाई तं हरणं खाऊन जाते, अस्वल खाऊन जाते. आमच्या घरामागं वावर, वावरामागं नाला, अन् नाल्यापल्याड मोहाचे झाडं. अन् तिथीच 'तो' पण राह्यते. नाव घेत नाई मी. आमच्याकडं घेत नसते. पट्टे आहे त्याले, तुमी समजून घ्या. आता मोह वेचणारं माणूस वाकलेलं असते, अन् वाकलेली पाठ त्याले जनावराची पाठ वाटते. म्हणून आमच्या बायांची जुनी रीत आहे. इकडच्या झाडाखालून एक हाक देते, हूऽऽऽ! तिकडची जवाब देते, हूऽऽऽ! वेचत राह्याचं अन् हाका देत राह्याचं. आपण माणसं आहो हे त्याले समजते, अन् आपण जित्या आहो हे एकमेकीले समजते. अन् सगळ्या गावात मोठी हाक कोणाची? माह्या मोठमायची! माह्यी आट्याची चक्की आहे, चक्कीच्या घरघरीत शेजारचा माणूस काय म्हणते ते समजत नाई, पण नाल्यापल्याडून मोठमायची हूऽऽऽ आली का मले बराबर आयकू येते, अन् मी समजतो, बुढी ठीक आहे, चालू दे चक्की.

तं यंदा पल्याडच्या गावची एक बाई गेली. मोह वेचता वेचता. तिचं मी काई सांगत नाई, सांगाले होत नाई. पण ते टीव्हीवर आलं. अन् टीव्हीवर आलं म्हणजे पुण्याले गेलं, अन् पुण्याले आमचा प्रफुल्ल. मोठमायचा एकुलता एक. शिकला, कंपनीत लागला, अन् 'मले'चा 'मला' झाला त्याचा. मले फोन आला, "धनराजदादा, मी खूप टेन्शनमध्ये आहे, आईला आत्ताच्या आत्ता एक बेसिक फोन घेऊन दे. ती पहाटे मोहाला गेली की मी रोज कॉल करीन. म्हणजे ती सेफ आहे हे मला कळत जाईल." म्हणलं, त्यापेक्षा तिले जाऊच नको म्हण नं. तं म्हणते, "ती ऐकते का कुणाचं?" हे मात्र खरं बोलला. मोहाच्या दिवसांत मोठमायले घरी बस म्हणणं म्हणजे नाल्याले उलटा वाहा म्हणणं.

मंग काय, निघालो मी. साधा फोन आणाले. अन् घरातून पाय काढत नाई तं माह्यी बायको, दीपाली, "टॉर्चवाला आणा!" शेजारची वच्छला, मोठमायपासून दोन-चार झाडं सोडून मोह वेचते ते, "भाऊ, गाण्याचा आणा, आमाले पण आयकता येईन." मागून प्रफुल्लचा मेसेज, "दादा, मागच्या बाजूला इमर्जन्सीचं बटन असलेला बघ." समजलं का तुमाले? संकट आलं का ते बटन दाबाचं, का मंग प्रफुल्लले फोन जाते. म्हणजे 'तो' इथी, बटन इथी, अन् धावून येणारा पुण्याले! अरे, साधा फोन, भाऊ, साधा फोन!

चकरा वाया गेल्या तेव्हा एक दिवस मी मोठमायलेच दुकानात नेलं. म्हणलं, तूच पाह्य व माय, तूच निवड. अंकुशनं काचेवर फोन मांडले. मोठमायनं एक उचलला, कानाशी नेला, अन् बोटाच्या पेरानं… ठक, ठक, ठक! माठ घेतल्यावाणी! "कच्चा आहे," म्हणे. ठेवला खाली. दुसरा उचलला. ठक, ठक. "याले चीर गेली." अंकुशचं तोंड पाह्यासारखं! "मावशी, मावशी, ठोकू नका! त्याचा आवाज बटन दाबल्यावर येते!" तं मोठमाय म्हणे, "तू चूप रे. जे ठोकून वाजत नाई ते दाबून काय वाजन?" सांगा जवाब! दुकानातले गिऱ्हाईक गोळा झाले, मी मान खाली घालून उभा, अन् बुढीनं एकेक फोन वाजवून पाह्यला. शेवटी एक लाल, जाडाभरडा डब्बा सापडला. ठक, ठक. पुन्हा ठक, ठक. हासली. "हा पक्का भाजला आहे. घे."

घेतला. वाजवून घेतला, भाऊ, तुमी ध्यानात ठेवा.

मंग घरी ओसरीवर शाळा. हे हिरवं, हे लाल. हिरवं दाब. ते नाई वं, ते चार आहे. पह्यला फोन प्रफुल्लले लावून देल्ला. तिकडून "हॅलो आई" आलं, अन् मोठमाय उठून उभी राह्यली, छातीत हवा भरली अन् "हूऽऽऽ प्रफुल्ल्याऽऽऽ!" अंगणातले कबूतरं उडाले! तिकडून प्रफुल्ल, "आई! आई, ओरडू नकोस! माझा कान गेला! इथे ऑफिसमध्ये सगळे बघतात गं!" मोठमाय चमकली. मले विचारते, "का रे, दोन-चार झाडं सोडून असलेल्या वच्छलाले मी एवढी हाक देतो. पुणं तं किती दूर! अन् तिथी हळू बोलाचं?" म्हणलं, हाव, हळूच बोलाचं. दीपालीनं पण सांगितलं, मोठमाय, वरडाचं नाई, प्रफुल्लभाऊले लाज वाटते तिथी. झालं! पोराले लाज वाटते म्हणलं का कोणतीही माय गपच होते. शिकली बिचारी. असं हळू बोलाले लागली का देवघरात बोलून राह्यली असं वाटे. अन् ठेवता ठेवता प्रफुल्ल म्हणला, "आई, उद्या सकाळी तू झाडाखाली असशील तेव्हा फोन करतो हं. नक्की."

नक्की, म्हणे.

दुसऱ्या दिवशी उजाडत होतं. मी चक्की सुरू केली, पह्यलं दळण टाकलं, अन् मले कसंतरी वाटाले लागलं. काय ते समजे ना. काईतरी कमी आहे. तेवढ्यात वच्छला धावत आली, लुगड्याचा पदर मातीत, "धनराजभाऊ! मोठमायची हाक नाई! मी हाका देऊन देऊन थकली, जवाबच नाई! एकटीनं तिकडं पाहाले जाची हिंमत नाई झाली!"

चक्की तशीच सोडली मी. काठी घेतली. गावातले लोकं टिनाचे डब्बे वाजवत मागून धावले. वावर, नाला… नाल्यात पडलो, उठलो… मनात काय काय आलं ते मी तुमाले सांगत नाई. पल्याडच्या गावच्या त्या बाईची टोपली कशी सापडली होती ते मी पाह्यलं होतं. तेच डोळ्यापुढं.

अन् झाडाखाली पाह्यतो तं काय? मोठमाय बसली आहे. बुंध्याले पाठ लावून. सगळीकडं मोहाचा सडा पडला आहे, टोपली रिकामी, एक फूल वेचलं नाई, अन् दोन्ही हातात तो लाल डब्बा धरून कानाशी लावला आहे. आमी सारे डब्बे वाजवत पोचलो तं ओठावर बोट ठेवते! "चूप! चूप राहा रे! वाजन आता."

म्हणलं, मोठमाय, हाक काऊन नाई देल्ली व? वच्छला जीव तोडून हाका देऊन राह्यली! तं म्हणे, "मी हाक देल्ली अन् तेवढ्यातच वाजला तं? मले आयकू नाई आला तं? पोरगं म्हणन, माय उचलत नाई. घाबरन ते."

वच्छला तिथीच मटकन खाली बसली अन् रडाले लागली, अन् रडता रडता शिव्या द्याले लागली, मले, फोनले, पुण्याले. ज्या हाकेनं बुढी इतके वर्ष त्या जंगलात सलामत राह्यली, ते हाक तिनं बंद केली, अन् काऊन, तं ती सलामत आहे का नाई हे समजावं म्हणून आमी आणलेला फोन वाजला पाह्यजे! मी तिच्या हातातून फोन घेतला. पाह्यतो तं रेंजची एक दांडी नाई. तिथी रेंज कधी नव्हतीच! मी कॅमेरा पाह्यला, टॉर्च पाह्यला, गाणे पाह्यले, संकटाचं बटन पाह्यलं… पण ज्या झाडाखाली वाजाचा त्या झाडाखाली रेंज आहे का, हे पाह्यलं कोणी? माह्यासारखा अक्कलवान मीच!

घरी येऊन प्रफुल्लले लावला. उचलला नाई. ऊन चढल्यावर त्याचाच आला, "सॉरी दादा, रात्री कॉल्स होते, सकाळी डोळाच उघडला नाही." मी सगळं सांगितलं. मंग म्हणते, "पण दादा, तिथे रेंजच नाही म्हणतोस ना? म्हणजे मी लावला असता तरी लागला नसता." आता बोला! त्यानं लावला नाई अन् इथी लागला नसता, म्हणजे बराबर जमलं, कोणाचीच गलती नाई!

मी म्हणलं, मोठमाय, फेक तो डब्बा. तं म्हणे, "काऊन? फोन चांगला आहे, मी वाजवून घेतला. ओसरीवरच्या खुट्टीपाशी रेंज आहे नं? तिथी टांग. मी मोहाले जातो, पह्यल्यासारख्या हाका देतो. तू इथी बस. वाजला का मले हाक दे, मी येतो."

म्हणून सांगतो, साधा फोन, भाऊ, साधा फोन… त्याले एक अख्खा माणूस लागते! रोज पहाटे मी खुट्टीखाली बसतो. चक्की बंद. चक्कीच्या घरघरीत वाजलेला आयकू आला नाई तं? लोकं गहू घेऊन उभे राह्यते, "धनराज, चक्की काऊन बंद?" "फोनची वाट पाहून राह्यलो." "कोणाच्या?"

नाई, एकदा वाजला! खोटं काऊन बोलू? वाजला अन् मी आनंदाच्या भरात उचलाच्या आधीच वावराकडं तोंड करून वरडलो, "वाजलाऽऽऽ!" अन् मंग कानाले लावला, तं आतमधी कोणी बाई म्हणून राह्यली, आपल्या फोनवर मनपसंत गाणं लावा, एक दाबा. तवर मोठमाय धावत आली, नाल्यातून, ओल्या लुगड्यानं, या वयात! माह्या हातातून फोन ओढला, कानाशी धरला, अन् हळू आवाजात, शिकवल्यावाणी, "हालो… हालो…" सगळं आयकून घेतलं तिनं. मंग मले विचारलं, "कोण होती रे?" म्हणलं, कंपनीची बाई. गाणं लावा म्हणते. मोठमायनं फोन पदरानं पुसला, खुट्टीले टांगला, अन् जाता जाता म्हणे, "प्रफुल्लचं काई बोलली का ते?"

आता मोहाचे दिवस सरत आले. बुढी रोज जाते, मी रोज बसतो. नाल्यापल्याडून तिची हाक येते, "हूऽऽऽ! वाजला का रेऽऽऽ?" अन् मी ओसरीवर उभा राह्यतो, तोंडाशी हात धरतो अन् जवाब देतो, "नाई वाजला, मोठमायऽऽऽ!" अन् तुमाले सांगतो, दुसऱ्यांदा सांगा लागत नाई. पह्यल्याच हाकेत पोचते. रेंजची आपली काई तक्रार नाई, भाऊ.