दाराआडून विचारलेली वीज

—नाही हो, उंदीर कसले, आमचे हे आहेत आत. बाहेरून कडी मीच घातलीय. उठू नका, बसा, या पावसात जाणार तरी कुठे — तुमचे आत्ता काढलेले पासपोर्टचे फोटो भिजले तर पुन्हा काढावे लागतील. तो भिंतीवरचा मोठा फोटो बघताय ना, पाण्याच्या टाकीवर वीज फुटतेय तो — तो यांनीच काढलेला. वर्तमानपत्रात छापून आला, बक्षीस मिळालं, आणि तिथूनच सगळं बिनसलं. ढग आले की हे गच्चीवर. एका लग्नात तर घरच्या मंडळींना ओळीत उभं केलं, हसा म्हणाले, आणि स्टँड उचलून पसार — ती बिचारी हसतच उभी. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गच्चीवरच्या खांबावर वीज पडली. हे फेकले गेले, डावा कान गेला, हात अजून थरथरतो. दवाखान्यातून आल्यावर मुलीची शपथ घेतली — आणि पुढच्याच ढगाला जिन्यात सापडले. मग काय करणार? घातली कडी. सुरुवातीला दार बडवायचे, नाही नाही ते बोलायचे. आता आभाळ भरून आलं की आपणहून आत जाऊन बसतात, म्हणतात, ‘लाव.’ ते ‘लाव’ ऐकलं ना, की कडीचा आवाज होऊ देत नाही मी.

ऐकलंत? आत्ता विचारलं ना — ‘कशी होती?’ अहो, उभी होती, टाकीच्या डावीकडे, खाली येऊन फाटे फुटले! — ओरडावं लागतं, एकाच कानाने ऐकतात. आतल्या खोलीला खिडकी नाही, म्हणून अशी प्रत्येक वीज सांगायची. मी, लहानपणी उशीत तोंड खुपसणारी! बहिणीने घर बांधलं, अजून बघितलं नाही. निघाले आणि मागे ढग आले तर? शेजारणी म्हणतात, नवऱ्याला कोंडते. कोंडते खरी, पण मी तरी कुठे जाते?

आणि बघून बघून — आता तुमच्यापासून काय लपवायचं — कळायला लागलं हो. कुठला ढग नुसता गुरगुरणार, कुठला फुटणार. परवा विजेचा एक फोटो काढला मी. गच्चीवरून. हे आत होते. टाकीवरच्यापेक्षा चांगला आलाय, खोटं कशाला बोलू. मी खाली आले तर हे दाराआडून म्हणाले, ‘बराच वेळ गप्प होतीस.’ म्हटलं, गिऱ्हाईक होतं. फोटो नाही दाखवला. कोणत्या तोंडाने दाखवणार?

तो बघा, टेकडीमागून काळा येतोय — हा फुटणार. दादा, एक कराल? इथेच बसा. त्यांनी विचारलं तर काहीही सांगा, आडवी होती म्हणा. मी गच्चीवर जाऊन आलेच. — हो, खांबावर पडली ते माहितीये मला, मीच तर सांगितलं तुम्हाला. — मला उशीर झालाच, तर कडी जरा वर उचलून ओढावी लागते, आपली माहिती असू दे. असं बघू नका हो माझ्याकडे. सरका जरा, कॅमेरा तुमच्या मागच्या कपाटात आहे.