किलोमीटर २३ची मोरी

नाव : निदिया मारिसेला बाराओना. वय : ३८ वर्षे. धंदा : खाजगी नोकरी, रस्ते अभियंता. राहणार : सांता रोसा, होंडुरास.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. महामार्गाची गटारे व रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्या संगणकावर आखणे हे माझे काम आहे. कार्यालयातील सॉफ्टवेअरमध्ये पावसाचा आकडा भरला की मोरी पुरणार असेल तर हिरवी दिसते. पाणी रस्त्यावर चढणार असेल तर लाल.

मयत फाउस्तो बाराओना, वय ७१, हे माझे वडील. एल सिप्रेसाल गावच्या शाळेमागील पर्जन्यमापक ते एकतीस वर्षे रोज सकाळी सातला वाचत. त्यांच्या वहीतील सर्वांत मोठा पाऊस ११८ मिलिमीटर आहे. त्या दिवशी ते माझ्या पदवीदानाला शहरात आले होते. परतले तेव्हा मापक भरून ओसंडला होता.

गेल्या मार्चमध्ये एल सिप्रेसालहून सांता रोसाला येणाऱ्या नव्या रस्त्याच्या मोऱ्या आखताना मी त्या आकड्याबद्दल वडिलांना फोनवर विचारले. ते म्हणाले, "तो आकडा धरू नकोस, पोरी. भांडंच तेवढं होतं. पाऊस जास्त होता."

"किती जास्त, पप्पा?"

"मला काय ठाऊक? मी तुझ्या फोटोत दात काढून उभा होतो."

मी अंदाजाने १६० भरून पाहिले. किलोमीटर २३ची मोरी लाल झाली. साहेब ओर्दोन्येस म्हणाले, "नव्वद सेंटीमीटरचे पाइप येऊन पडलेत. वहीत आहे तेच भर ना. अंदाजाला कोण विचारतं?" मी ११८ भरले. मोरी हिरवी झाली. मी सही केली.

दि. ९ ऑक्टोबर रोजी दुपारी दोनच्या सुमारास वडिलांचा फोन आला. ते मोटारसायकलवरून माझ्याकडे निघाले होते. पाऊस जोरात होता. डोंगरावरच्या जुन्या रस्त्याने या, असे मी सांगितले. ते म्हणाले, "इतका वळसा कशाला? तुझा रस्ता आहे की." मी बरं म्हणाले.

साडेतीनच्या आत किलोमीटर २३ येथे रस्ता वाहून गेला. दुसऱ्या दिवशी चार किलोमीटर खाली, ओढ्याच्या काठी मी प्रेत ओळखले.

सॉफ्टवेअरमध्ये दोष होता, असे साहेबांनी सांगितल्याचे समजते. ते खरे नाही. त्याने मला लाल दाखवले होते व मी ते पाहिले होते.

मजकूर वाचून दाखवताना हवालदार येथे थांबले व म्हणाले, "बाई, हे वाक्य तुमच्याच अंगावर येईल. गाळू का?" राहू द्या, असे मी सांगितले. सर्व ऐकले, मी बोलले तसेच लिहिले आहे, म्हणून खाली सही करते.

(सही) नि. मा. बाराओना