कुठंच नसलेला डोंगर

बीडच्या बसस्थानकात मी कडा गावच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. शेजारी तिचे वडील, गावी परत निघालेले.

“आबा, तुमची गाडी यायच्या आत बघा. हा डोंगर मी कॉम्प्युटरवर केलाय.”

“आपल्याकडचाच दिसतोय. फोटो हाय का?”

“न्हाई. हा जगात कुठंच न्हाई. आधी एक त्रिकोण काढला. त्याच्या तिन्ही बाजूंचे मधले बिंदू जरा वर-खाली सरकवून जोडले, तर चार लहान त्रिकोण झाले. मग त्या चारींचं पुन्हा तेच.”

“किती बारी?”

“दहा. दहा लाखांच्या वर त्रिकोण झालेत.”

“आन् एवढ्यावर डोंगर उभा ऱ्हायला? ही घळ बघ, माया. हितून शेळी चढंल. तिकडून न्हाई चढायची.”

“उद्या कॉलेजात सरांसमोर याच्यावर पाऊस पाडायचाय. काल पाडला, तर पाणी उलटं वर चढलं. लई रडले मी. आज चूक काढलीय, पण बघायची हिंमत होईना.”

“थांब, मी सांगतो. चाळीस वरसं शेळ्यांमागं पाणी हुडकलंय. ते या घळीतनं उतरंल, खडकाला वळसा घालंल आन् हितं साचंल.”

“तुमचं बोट तिथंच ठेवा. पाऊस सोडते.”

“अगं, उतरतंय की खाली!”

“वळलं, आबा.”

“वळलं गं...”

“आता बोट काढा. त्याच्याखाली तळं झालंय.”