सेकंडचा माल

तुमच्या झाडांना माझ्या सासऱ्यांचा हात लागू देऊ नका, सांगून ठेवते. बाबांनी तीस वर्षं भिवंडीत लूमच्या कारखान्यात कापड तपासलं. कुठे नको तो पट्टा दिसला की तागा बाजूला, सेकंडचा माल!

माझ्याकडे पिवळ्या काठांच्या पानांचं घायपाताचं झाड आहे. तीन वर्षं वाट पाहिली, तेव्हा कुठे बुडाशी सात पिल्लं आली. पाच पट्ट्यांची, दोन साधी हिरवी. मी ती सोडवली, कापलेली जागा सुकायला ओट्यावर ठेवली आणि वडप्याला गोदामात ड्युटीवर गेले. संध्याकाळी येऊन बघते तर दोन हिरवी पिल्लं कुंडीत, वर तांब्याभर पाणी.

"बाबा, बाकीची पाच?"

"ती डागी निघाली गं. दिली पत्र्यावर फेकून."

"अहो, मला पट्टेवालीच हवी होती!"

"असला माल कोन घेतंय?"

शेजाऱ्यांची शिडी मिळायला आठवडा गेला. तोवर मी बाबांशी बोलले नाही. वर चढले तर पाचही पिल्लं थंडीच्या उन्हात छान सुकलेली. लावली, तर पाचही जगली. बाबांची दोन मात्र ओल्या जखमेवर पाणी पडून सडली.

मी त्यांना हाताला धरून कुंड्यांपाशी नेलं. "बघा, तुमचा फ्रेश माल गेला."

बाबांनी पट्ट्याचं पान दोन बोटांत धरून चाचपलं, कापड चाचपतात तसं.

"सेकंडचाच माल टिकतो गं," ते म्हणाले आणि अंगातल्या शर्टाची, नको तिथे पट्टा उमटलेली बाही पुढे केली. "ह्यो बघ. तुझ्या लग्नातला हाय."