सकाळचं पहिलं चित्र

साहेब: म्हणजे तुमचं म्हणणं, रात्रभर आपण भलतीकडेच बघत होतो?

मुलगी: हो सर. उपग्रहाचं हे सकाळचं पहिलं चित्र आत्ता आलंय. पश्चिमेला हा मोठा पांढरा ढग आहे ना, वादळ त्याच्याखाली नाहीच. ते इथे आहे, पूर्वेला. ही बारीक ढगांची गुंडाळी बघा.

साहेब: ही? ही तर रात्री नव्हती.

मुलगी: होती, दिसत नव्हती. खालचे ढग उजाडल्याशिवाय नीट दिसतात कुठे? रात्री आपल्याला फक्त उंचावरचा ढग दिसत होता, आणि त्याला वरच्या वाऱ्याने पश्चिमेला ढकललंय. टोपी उडाली, डोकं जागेवरच. आणि आपण रात्रभर टोपीच्या मागे धावलो.

बाबा: येऊ का आत? डबा आणलाय. पहारेकऱ्याला म्हटलं, हवामानवाल्या मॅडमचा बाप आहे मी, तर बसलेला माणूस उठून उभा राहिला!

मुलगी: बाबा, तिकडे कोपऱ्यात थांबा. आत्ता काही बोलू नका.

बाबा: नाही बोलत. साहेब, नमस्कार. बाजारात शिंप्याचं दुकान आहे माझं. तुमचा हा शर्ट खांद्यात उतरतोय, पाठवून द्या कधीतरी.

मुलगी: बाबा!

बाबा: बरं बाई, गप्प बसलो.

साहेब: तुमची ही गुंडाळी खरी धरली, तर वादळ येणार कुठे?

मुलगी: इथेच. आपल्या बंदरावर, संध्याकाळपर्यंत.

साहेब: आणि रात्रीच्या बुलेटिनमध्ये आपण काय सांगितलं?

मुलगी: वादळ पश्चिमेच्या बंदराकडे चाललंय, तेव्हा सगळ्या बोटींनी आपल्या बंदरात यावं.

साहेब: निघाल्याही असतील त्या. आता सकाळी उठून सांगायचं, उलटे फिरा, जिथून हाकललं तिथेच जा? मागच्या वेळी आपण एवढा इशारा दिला आणि वादळ फिरकलंच नाही. आमचा भाजीवाला अजून विचारतो, साहेब, आज काय सांगताय, म्हणजे मी त्याच्या उलट करतो.

मुलगी: मीही तेव्हा महिनाभर कुणाला सांगत नव्हते कुठे काम करते ते.

साहेब: मग एक कडू बोलतो, रागावू नका. तुमचा भाऊ आज बोटीवर आहे ना?

मुलगी: आहे.

साहेब: आणि ती बोट इकडेच येतेय. भाऊ समुद्रात असला की बहिणीला दिसेल त्या ढगात वादळ दिसतं. मलाही दिसलं असतं.

बाबा: साहेब, तोंड सांभाळून! माझी मुलगी—

मुलगी: बाबा, थांबा. हे सरांनी विचारायलाच हवं. सर, माझी मलाच तीच शंका आली. म्हणून तुम्हाला हाक मारायच्या आधी मी माझी चूक शोधत बसले. ढगाच्या पूर्वेला एक मालवाहू जहाज आहे. वादळाभोवती वारा घड्याळाच्या उलटा फिरतो. वादळ त्या ढगाखाली असतं, तर जहाजाला दक्षिणेचा वारा लागला असता. मी रेडिओवरून विचारून घेतलं.

साहेब: मग?

मुलगी: उत्तरेचा वारा आहे, आणि चांगलाच झोडपतोय. म्हणजे वादळ त्या जहाजाच्याही पूर्वेला, बरोबर गुंडाळीच्या जागी. मी पुन्हा विचारलं, तर त्यांचा कप्तान वैतागला. म्हणाला, बाई, उत्तर कुठे असते ते कळतं मला.

साहेब: सरका जरा. मला बसून बघू द्या.

बाबा: अगं, म्हणजे धाकटा सरळ त्याच्या तोंडात येतोय? मी बंदरावर फोन लावतो. तिथला रेडिओवाला माझ्याकडेच कपडे शिवतो, तो लगेच सांगेल त्याच्या बोटीला.

मुलगी: काय सांगेल?

बाबा: परत फीर म्हणून! अजून काय?

मुलगी: परत म्हणजे कुठे? वादळ किती वेगाने येतंय ते अजून मी काढलेलं नाही. बोटी त्याच्या आधी पश्चिमेला पोचतात की वाटेतच गाठतं ते त्यांना, मलाच माहीत नाही. तुमचं अर्धं वाक्य ऐकून तो वळला आणि वादळ आडवं आलं तर? आणि एक बोट वळली की मागच्या चार न विचारता तिच्या मागे जातात. ठेवा तो फोन.

बाबा: भाऊ आहे तो तुझा! कडेवर घेऊन हिंडलीस त्याला!

मुलगी: ठाऊक आहे मला. पण इथून कुणाच्याही घरी आधी फोन जात नाही, बाबा. जे जाईल ते पूर्ण जाईल आणि सगळ्यांना एकदम जाईल. मला काय त्याला फोन करावासा वाटत नसेल? पण आधी मला वादळाच्या वाटेची रेघ काढायचीय. काढू द्या.

बाबा: काढ. ठेवला फोन. काढ तू.

साहेब: वेग काय येतोय?

मुलगी: सायकलवाला जाईल तेवढाच. बोटी सुटतील, सर! आत्ता वळल्या तर दुपारी पश्चिमेच्या बंदरात लागतील. तिथे पाऊस बदडून काढेल, पण वाऱ्याचा खरा मार इकडे बसेल.

साहेब: मीही तिथेच आलो. लिहायला घ्या. आणि वर 'सुधारित' वगैरे मोघम नको. पहिल्याच ओळीत लिहा, रात्रीचं बुलेटिन चुकलं होतं.

मुलगी: सर, त्याच्यावर सही तुमची आहे.

साहेब: म्हणून तर लिहा म्हणतोय. चुकलं असं स्पष्ट म्हटलं नाही, तर लोक दोन्ही खरं धरतात आणि मध्येच घुटमळतात. भाजीवाल्याला हसू दे काय हसायचं ते. आणि ह्याच्यावर सही तुम्ही करा.

मुलगी: मी? पण सही तर केंद्रप्रमुखाची असते.

साहेब: केंद्रप्रमुख सांगतोय, रेघ ज्याची सही त्याची. भावाचं नाव काढून मी तुम्हाला डिवचलं, तरी तुम्ही चिडला नाहीत, पुरावा समोर ठेवलात. माझ्या हाताखाली असं माणूस तयार झालं, छाती फुगली माझी. करा सही, वेळ घालवू नका.

(बुलेटिन जातं. बऱ्याच वेळाने साहेब रेडिओच्या खोलीतून परत येतात.)

बाबा: काय झालं साहेब? इतका वेळ?

साहेब: एकेक बोट उत्तर देत होती. वळल्या, सगळ्या वळल्या. तुमच्या मुलाच्या बोटीचं उत्तर शेवटी आलं.

मुलगी: का? शेवटी का?

साहेब: तिचा कप्तान वाद घालत होता. रात्री एक, सकाळी एक, कुणाचं ऐकायचं? मग आपल्या माणसाने पहिली ओळ पुन्हा वाचून दाखवली, रात्रीचं चुकलं, असं आम्हीच सांगतोय म्हणून. तेव्हा कुठे वळला. आता पूर्ण वेगाने पश्चिमेला चाललाय.

मुलगी: बाबा, ऐकलंत? वळला तो.

बाबा: ऐकलं. बाकीच्यांची पोरं आधी वळली आणि माझं शेवटी. आणि बाप समोर हात जोडायचा बाकी होता, तरी हिने आधी आपल्या भावाला सांगितलं नाही. साहेब, दुकानात येईल त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे सांगणार. तुम्ही नको म्हणालात तरी सांगणार.

साहेब: सांगा की. मी कशाला नको म्हणू?

बाबा: सांगतो. पण आधी हा डबा उघडा, दोघंही खा. मघापासून कोपऱ्यात गार होत पडलाय.