कॉमन फोल्डरमधले त्रेचाळीस निरोप

साहेब : व्हायरस म्हणा, घूस म्हणा, मला त्याचं नाव नको आहे. मला माणूस हवा आहे.

कॉम्प्युटरवाली : साहेब, आधी बसू तर द्या. तीन जिने चढून आलेय. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत लिफ्ट बंद, बाहेर सांगायचीसुद्धा लाज वाटते.

साहेब : तो विषय मेंटेनन्सचा. ड्रॉइंग सेक्शनचा विषय असा, की आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी नव्या लिफ्टचं ड्रॉइंग कॉमन फोल्डरमध्ये ठेवायला गेलो, तर मशीन म्हणालं, जागा नाही. माझ्या सेक्शनमध्ये, मला, जागा नाही!

कॉम्प्युटरवाली : ते सगळ्यांनाच म्हणतं हो, मनाला लावून घेऊ नका. बघू. हं, डिस्क गच्च भरलीय. हे बघा. 'इतर' नावाचं फोल्डर, त्याच्या आत 'इतर जुने', त्याच्या आत 'उघडू नये'.

साहेब : उघडा.

कॉम्प्युटरवाली : उघडलं. अगं बाई! लिहिलेल्या फायली त्रेचाळीस आणि चित्रं सव्वाशे. ही चित्रंच सगळी जागा खाऊन बसलीत.

साहेब : कुणी टाकली ते सांगा आणि पुसून टाका. मेमो मी टाइप करून ठेवला आहे. 'सदरहू कर्मचाऱ्याने कार्यालयीन साधनांचा गैरवापर केल्याचे निदर्शनास आले असून.' फक्त नावाची जागा रिकामी आहे.

कॉम्प्युटरवाली : घ्या नाव. टाकणाऱ्याचं लॉगिन आहे, 'ड्रॉइंग'.

साहेब : ते सेक्शनचं लॉगिन आहे.

कॉम्प्युटरवाली : म्हणजे चौदा माणसं एकाच लॉगिनवर? आणि पासवर्ड?

साहेब : गोपनीय आहे.

कॉम्प्युटरवाली : तो कपाटावर चिकटवलाय तोच ना?

साहेब : बाहेरच्यांसाठी गोपनीय आहे.

कॉम्प्युटरवाली : मी बाहेरचीच आहे, साहेब. पार तळमजल्यावरची. बरं, राहू द्या. आत काय आहे ते बघितलं तर माणसाचा माग लागेल. पहिल्या फायलीचं नाव 'निरोप एक'. वाचू?

साहेब : कसला निरोप? वाचा.

कॉम्प्युटरवाली : एकच ओळ आहे. 'आमचे साहेब अत्यंत'.

साहेब : पुढे?

कॉम्प्युटरवाली : पुढे काही नाही. अत्यंत. संपलं.

साहेब : अत्यंत काय?

कॉम्प्युटरवाली : दुसरीत असेल. 'आमचे साहेब अत्यंत शिस्तप्रिय.' त्याच्याखाली बारीक अक्षरात, 'सगळ्याच साहेबांबद्दल म्हणतात. काढणे.' तिसरी. 'आमचे साहेब अत्यंत मनमिळाऊ.' खाली, 'लोक हसतील. काढणे.'

साहेब : कोण लोक?

कॉम्प्युटरवाली : साहेब, तुम्ही रिटायर कधी होताय?

साहेब : या महिन्याच्या तीस तारखेला. आणि मी लेखी कळवलं आहे. समारंभ नको, हार नको, भाषण नको. बोर्डावर लावलं आहे.

कॉम्प्युटरवाली : मग कुणीतरी तुमच्या चोरून भाषण लिहितंय. व्हायरसबियरस काही नाही. सातवी ऐका. 'साहेब कपाटाची किल्ली गळ्यात घालतात, हे बोलावे का? नको.' नववी. 'साहेबांचे पेन्सिलला टोक करणे. यावर दोन मिनिटे सहज बोलता येईल.'

साहेब : दोन मिनिटं? पेन्सिलच्या टोकावर?

कॉम्प्युटरवाली : काय करता काय तुम्ही त्या पेन्सिलीला?

साहेब : ब्लेडने तासतो. शार्पनर शिसं मोडतो. यात बोलण्यासारखं काही नाही. चित्रं दाखवा.

कॉम्प्युटरवाली : ही चित्रं नाहीत, स्कॅन केलेली ड्रॉइंग्ज आहेत. हाताने काढलेली. केवढी मोठी! म्हणून तर डिस्क फुगली.

साहेब : थांबा. मागे घ्या. हे माझं आहे. गोदामातली माल चढवायची लिफ्ट. माझं पहिलं ड्रॉइंग. बावीस वर्षांचा होतो. ही अक्षरं बघा. येतील तुमच्या मशीनने अशी?

कॉम्प्युटरवाली : नाही येणार. खरंच सुरेख आहेत. पण इथे कोपऱ्यात पक्षी काढलाय.

साहेब : शाईचा डाग आहे तो.

कॉम्प्युटरवाली : डागाला चोच आहे, साहेब.

साहेब : तरुण होतो. पुढे चला. हेही माझं. हेसुद्धा. सगळी माझीच आहेत! ही मला वाटलं रद्दीत गेली.

कॉम्प्युटरवाली : कुणीतरी एकेक काढून, पुसून, सरळ करून स्कॅन केलंय. एवढा जीव लावून कोण करतं हो हल्ली? आता गंमत बघा, स्कॅन कुठून झालं ते फायलीतच लिहिलेलं असतं. स्कॅनर नंबर दोन. रोज एक वाजून दहा ते एक चाळीस. दोन नंबरचा स्कॅनर कुठे असतो?

साहेब : रेकॉर्डरूममध्ये.

कॉम्प्युटरवाली : आणि जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डरूममध्ये कोण असतं?

साहेब : रेकॉर्डबाई. डबा तिथेच खातात.

कॉम्प्युटरवाली : मग सापडला की माणूस! फोन लावू?

साहेब : नको. आम्ही बोलत नाही.

कॉम्प्युटरवाली : बोलत नाही म्हणजे?

साहेब : चिठ्ठ्या पाठवतो. हवं असलेलं ड्रॉइंग चिठ्ठीवर लिहायचं, ते शिपायाबरोबर येतं. अकरा वर्षं कामकाज सुरळीत आहे.

कॉम्प्युटरवाली : अकरा वर्षं? त्यांची खोली तर या भिंतीला लागून आहे!

साहेब : मधे दार आहे.

कॉम्प्युटरवाली : काय झालं होतं एवढं?

साहेब : तुमच्या कामाशी त्याचा संबंध नाही.

कॉम्प्युटरवाली : नसेल. पण मेमोत नाव त्यांचंच घालायचंय ना?

साहेब : एका हॉस्पिटलची लिफ्ट होती. दार चार इंच अरुंद बनलं. उद्घाटनाला स्ट्रेचर आत जाईना. डॉक्टर ढकलतायत, वॉर्डबॉय ढकलतोय, स्ट्रेचरवर निजवलेला माणूस ओरडतोय. तो काही पेशंट नव्हता, नमुन्याला आमचाच फिटर निजवला होता. वर्कशॉपला जुनं ड्रॉइंग गेलं, असं मी मालकांना सांगितलं. ड्रॉइंग पाठवायचं काम रेकॉर्डबाईंचं. त्यांना मी सगळ्यांसमोर बोललो. नको तितकं बोललो. त्या वर्षी त्यांना बढती मिळायची होती.

कॉम्प्युटरवाली : मिळाली नाही?

साहेब : नाही.

कॉम्प्युटरवाली : आणि चूक त्यांचीच होती?

साहेब : पुढचं चित्र दाखवा.

कॉम्प्युटरवाली : पुढचं दारच आहे. 'हॉस्पिटल, स्ट्रेचर लिफ्ट'. वर शिक्का मारलाय, 'अंतिम'. खाली तुमची सही. मागणी चव्वेचाळीस इंचांची लिहिलीय आणि दारावर आकडा टाकलाय चाळीस. त्याच्याभोवती कुणीतरी लाल पेन्सिलने गोल केलाय. साहेब, जुनं नव्हतं हे. शेवटचंच होतं. आणि आकडा तुमच्या अक्षरातला आहे.

साहेब : मला माहीत आहे.

कॉम्प्युटरवाली : कधीपासून?

साहेब : नंतरच्याच आठवड्यापासून. रात्रभर आकडे डोक्यात घोळत होते, तेव्हा लक्षात आलं. आधी वाटलं, गवगवा शमला की सांगू. मग गवगवा शमला, तेव्हा वाटलं, आता कशाला पुन्हा ढवळायचं. एका सुट्टीच्या दिवशी येऊन रेकॉर्डरूममध्ये हा कागद शोधलासुद्धा. सापडला नाही.

कॉम्प्युटरवाली : सापडला असता तर?

साहेब : माहीत नाही. खरंच माहीत नाही.

कॉम्प्युटरवाली : म्हणजे त्यांनी आधीच काढून ठेवला होता. त्यांना सगळं ठाऊक आहे.

साहेब : आणि तीस तारखेला त्या भाषण करणार! मालकांसमोर, सेक्शनसमोर. हा कागद पडद्यावर दाखवणार, भिंतीएवढा. म्हणून स्कॅन केला. पुसा. आत्ताच्या आत्ता पुसा.

कॉम्प्युटरवाली : पुसते. पण मूळ कागद त्यांच्या कपाटात आहे, तो काही माझ्या हातून पुसला जायचा नाही. त्यापेक्षा शेवटच्या फायली वाचून घ्या. निदान काय ऐकायचंय ते कळेल.

साहेब : वाचा. हळू वाचा. दार लोटून घ्या आधी.

कॉम्प्युटरवाली : चाळिसावी. 'दाराचे सांगावे.' एक्केचाळिसावी. 'दाराचे सांगू नये.' बेचाळिसावी. 'सांगावे, पण नाव न घेता. नाव न घेता कसे सांगणार, ड्रॉइंगवर सहीच आहे.' त्रेचाळिसावी. 'दाराचे काढले.'

साहेब : काढले? का?

कॉम्प्युटरवाली : लिहिलंय ना. 'वेळेत बसत नाही.'

साहेब : वेळेत बसत नाही?

कॉम्प्युटरवाली : एवढंच. पेन्सिलीची दोन मिनिटं मात्र ठेवलीत.

साहेब : अकरा वर्षं ज्याच्यासाठी माझी झोप उडाली ते वेळेत बसत नाही!

कॉम्प्युटरवाली : आता काय करू ते सांगा. पुसू, की जागा करू? दुसऱ्या डिस्कवर हलवता येईल सगळं. दहा मिनिटांचं काम आहे.

साहेब : हलवा. एकही पुसू नका. तो मेमो तेवढा पुसा. आणि बाईंना बोलवायला पाहिजे.

कॉम्प्युटरवाली : चिठ्ठी लिहून देताय?

साहेब : नाही.

(साहेब उठून मधलं दार ठोठावतात. जरा वेळाने ते पलीकडून उघडतं. रेकॉर्डबाई उंबऱ्यातच उभ्या राहतात.)

रेकॉर्डबाई : चिठ्ठी आली नाही.

साहेब : पाठवली नाही.

रेकॉर्डबाई : मग शिपाई आजारी आहे का?

साहेब : शिपाई बरा आहे. बाई, कॉमन फोल्डरमध्ये जागा उरलेली नाही.

रेकॉर्डबाई : माझ्यामुळे. बारीक करून स्कॅन केलं की तुमची अक्षरं फुटतात. म्हणून मोठं केलं. आज काढणारच होते. पण त्यावर 'उघडू नये' असं लिहिलं होतं.

कॉम्प्युटरवाली : मी नाही हं, बाई. मला हुकूम झाला.

साहेब : बाई, त्या दाराचं म्हणतोय मी. आकडा मी चुकवला होता. ड्रॉइंग तुम्ही बरोबर पाठवलं होतं. हे मला तेव्हापासून माहीत आहे.

रेकॉर्डबाई : हं.

साहेब : तुम्हांलाही माहीत होतं.

रेकॉर्डबाई : त्याच दिवशी. कागद मीच लावते ना.

साहेब : मग मालकांकडे का नेला नाहीत? माझी नोकरी गेली असती.

रेकॉर्डबाई : नेणार होते. जिन्यापर्यंत गेलेही होते. मग वाटलं, दोन दिवस थांबू, स्वतःच येऊन सांगतील. दोनाचे आठ झाले. आठाचा महिना झाला. मला फार राग येत होता तेव्हा. पोरांना उगाच ओरडायचे घरी. नंतर चिठ्ठ्यांची सवय झाली.

साहेब : इतकं असून माझ्यावर भाषण लिहायला बसलात?

रेकॉर्डबाई : दुसरं कोण लिहिणार? बाकी सगळे तुमचं बोलणं ऐकून वैतागलेत. माझ्याशी तुम्ही बोललाच नाहीत. माझ्याकडे नुसती ड्रॉइंग्ज येत होती. ती चांगली होती.

कॉम्प्युटरवाली : बाई, एक विचारू? 'अत्यंत'च्या पुढे काय घालायचं ते ठरलं का शेवटी?

रेकॉर्डबाई : ते वाक्यच काढून टाकलं.

साहेब : योग्य केलंत. आता माझं ऐका. समारंभ होऊ द्या. बोर्डावरचा कागद मी काढतो. तुमचं भाषण झालं की मी उठेन आणि दाराचं मी सांगेन. मालकांसमोर. आणि तुमच्या बढतीचं आज लिहून वर पाठवतो, कारणासकट. कारण आधी लिहीन.

रेकॉर्डबाई : मला चार वर्षं राहिलीत नोकरीची.

साहेब : चार वर्षं तर चार वर्षं. उशीर झाला हे मला कळतं.

रेकॉर्डबाई : मालकांना सांगायचं ते सांगा. पण तेव्हा तुम्ही मला बोललात ते मालकांच्या केबिनमध्ये नाही. रेकॉर्डरूममध्ये बोललात. माझ्या हाताखालच्या दोघींसमोर. त्या अजून तिथेच आहेत. एक तर परवा-परवापर्यंत माझं काम दोनदा तपासून बघायची.

साहेब : त्या आहेत आत्ता?

रेकॉर्डबाई : आहेत.

साहेब : मग चला. तुम्ही व्हा पुढे.

रेकॉर्डबाई : नको. आज तुम्ही पुढे.